ट्रॅक्टर इंजिनचे ओव्हरहॉलिंग : ऑइल जेटकडे दुर्लक्ष नको

(ट्रॅक्टरधारक शेतकऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



रब्बीची मळणी आटोपली आणि उसाच्या खेपा थांबल्या की आपल्याकडचे ट्रॅक्टर गॅरेजच्या दारात उभे राहू लागतात. निळा धूर, ऑइलचा वाढलेला खप, चढाला दम सोडणे अशा तक्रारी हंगामभर अंगावर काढलेल्या असतात. आता मृगाच्या आत इंजिन बांधून हवे असते. मिस्त्रीकडे पाच इंजिने आधीच खोललेली, लेथवाल्याकडे नंबर लागलेला, आणि मालक रोज सकाळी येऊन "आज होईल का?" म्हणून विचारणारा. या घाईत इंजिनातील एका लहानशा भागाकडे बहुधा दुर्लक्ष होते. आज त्या एकाच भागाविषयी बोलावयाचे आहे. लायनर, रिंगा, बेअरिंग यांविषयी आपले मिस्त्री पुष्कळ जाणतात. तो विषय मी आज घेत नाही.

हा भाग म्हणजे ऑइल जेट. कोणी त्याला नोझल म्हणतात, तर कंपनीच्या पुस्तिकेत पिस्टन कूलिंग जेट असे नाव आढळते. सोप्या भाषेत ही तेलाची पिचकारी होय. ब्लॉकमध्ये प्रत्येक सिलिंडरच्या खालच्या तोंडाशी ती बसविलेली असते. ऑइल पंपाकडून आलेले तेल ज्या मुख्य मार्गाने, म्हणजे गॅलरीतून, बेअरिंगांना जाते, त्याच मार्गावर या जेटची जोडणी असते. जेटच्या तोंडाचे भोक साधारण एक ते दोन मिलिमीटरचे असते. त्यातून तेलाची धार निघून ती पिस्टनच्या पोटावर, म्हणजे खालच्या पोकळ बाजूवर, पडत राहते. पिस्टन थंड ठेवणे हे तिचे मुख्य काम. गजन पिनला व लायनरला वंगण मिळते तो वरचा फायदा.

माझ्या हातून झालेली चूक

२०१३ सालची गोष्ट आहे. आदल्या वर्षी मराठवाड्यात दुष्काळ पडला होता. आमच्या गावी माझ्या चुलतभावाने टर्बो बसविलेला, तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर घेतला होता. उन्हाळ्यात त्याने इंजिन खोलले. मी सुटीला गावी गेलो होतो. यंत्रांचे शिक्षण घेतलेला घरातला मीच एक, म्हणून भाऊ मला गॅरेजवर घेऊन गेला.

मिस्त्री चांगला कारागीर होता, हे आधी सांगतो. दोन नंबरचा पिस्टन वरून घालताना कनेक्टिंग रॉडचा बोल्ट जेटवर आपटला व जेटची नळी वाकली. त्याने ती पकडीने सरळ करून पाहिली, तेव्हा ती मुळाशी चिरली. नवा जेट तालुक्याला मिळेना. बाहेरून मागवायचा तर चार दिवस जाणार होते. मिस्त्री म्हणाला, "साहेब, बारकी नळी आहे, हिच्यावाचून काही अडत नाही. भोकात बोल्ट मारून बंद करतो. उलट प्रेशर चांगलं राहील." भावाने माझ्याकडे पाहिले. "दादा, चालेल ना?"

मी म्हणालो, "चालेल."

जेट कशासाठी असतो हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण समोर चार दिवसांचा खोळंबा दिसत होता, आणि तीनपैकी एका जेटने काय होणार, असे वाटले.

इंजिन सुरू झाले. काट्यावर दाब पूर्वीपेक्षा थोडा जास्तच दिसला, त्यामुळे सर्वांचे समाधान झाले. मे महिन्यात ट्रॉलीच्या काही खेपा झाल्या, तक्रार नव्हती. त्या वर्षी पाऊस वेळेवर आला. वापसा येताच भावाने रोटाव्हेटर जोडला व सकाळपासून अंधार पडेपर्यंत रान करू लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी इंजिनाचा आवाज बदलला, ओढ कमी झाली आणि ते जागीच बंद पडले. क्रँक हलेना.

पुन्हा इंजिन खोलले तेव्हा मी मुद्दाम गेलो. एक आणि तीन नंबरचे पिस्टन खालून तपकिरी, तेलकट व स्वच्छ होते. दोन नंबरच्या पिस्टनच्या पोटात मात्र जळालेल्या तेलाची काळी खपली चढली होती. त्याची वरची रिंग खाचेत घट्ट रुतून बसली होती, आणि बाजूला ओरखडे पडून पिस्टनचे ॲल्युमिनियम लायनरला चिकटले होते. एकाच इंजिनात, एकाच तेलावर, एकाच मालकाच्या हाताखाली तिन्ही पिस्टन चालले होते. फरक एका जेटचा. इतका स्पष्ट प्रयोग आम्हाला प्रयोगशाळेतही क्वचितच करता येतो.

दुष्काळानंतरचा पहिला पाऊस असल्याने गावात सगळ्यांनाच एकदम ट्रॅक्टर हवा होता. भाड्याचा ट्रॅक्टर मिळून भावाची सोयाबीनची पेरणी व्हायला अकरा दिवस लागले. पिस्टन, लायनर व दुसऱ्यांदा मजुरी हा खर्च वेगळा. त्याने मला हे आजवर कधी बोलून दाखविले नाही. म्हणूनच मी वर्गात ते दर वेळी सांगतो.

पिस्टनला इतकी उष्णता कोठून येते?

ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला २२०० फेरे फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ११०० वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे अठरा वेळा डिझेल पेट घेते. त्या क्षणी आतील वायूंचे तापमान सुमारे २००० अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याहूनही वर जाते. पिस्टन बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. मग पिस्टन वितळत का नाही? कारण आच क्षणभरच असते आणि मधल्या वेळात उष्णता सतत काढून नेली जाते. ही उष्णता मुख्यतः रिंगांवाटे लायनरला व लायनरवरून पाण्याला जाते. साध्या इंजिनात निम्म्याहून अधिक उष्णता या वाटेने निघते. उरलेली पिस्टनच्या बाजूने, पिनवाटे व खालच्या तेलाच्या तुषारांवाटे जाते.

आता त्याच आकाराच्या इंजिनाला टर्बो बसविला की अधिक हवा व अधिक डिझेल आत जाते. शक्ती वाढते, त्याबरोबर उष्णताही वाढते. पिस्टन व रिंगा मात्र तेवढ्याच असतात. रिंगांची वाट अपुरी पडते, म्हणून कारखान्याने खालून तेलाची धार सोडण्याची दुसरी वाट काढली. या धारेमुळे पिस्टनचा माथा साधारण ३० ते ५० अंशांनी थंड राहतो. ऐकायला हा आकडा लहान वाटतो. पण वरच्या रिंगेच्या खाचेत तापमान २५० अंशांच्या वर गेले की तेथील तेल जळून कोळसा होऊ लागतो. कोळशाने रिंग खाचेत अडकते. अडकलेली रिंग लायनरला नीट टेकत नाही, म्हणजे जी मुख्य वाट उरली होती तीही बंद होते. मग पिस्टन आणखी तापतो व फुगतो. ३०० अंशांना पिस्टनच्या धातूची ताकद थंड असतानाच्या निम्म्यावर येते, हेही लक्षात घ्यावे. अशा इंजिनात पिस्टन सुरक्षित असणे आणि चिकटणे यांच्यामध्ये जे अंतर असते, ते या ३०-४० अंशांचेच असते.

येथे रस्त्यावरची गाडी आणि शेतातला ट्रॅक्टर यांत मोठा फरक आहे. जीप किंवा पिकअप पूर्ण जोराने चालते ती घाट चढताना. एरवी निम्म्या ताकदीवर तिचे काम भागते आणि पिस्टनला विसावा मिळतो. रोटाव्हेटरला जोडलेला ट्रॅक्टर पी.टी.ओ.चे ५४० फेरे सांभाळत काळ्या रानात तासन्‌तास पूर्ण भाराने चालतो. त्याला उतार नाही, सिग्नल नाही. त्यामुळे "अमक्याच्या गाडीतले जेट काढले, दोन वर्षे काही झाले नाही" हा दाखला ट्रॅक्टरला लागू पडत नाही. आमच्याही ट्रॅक्टरला ट्रॉलीच्या कामात काही झाले नव्हते.

जेट कोणत्या इंजिनात असतात?

जुन्या, कमी अश्वशक्तीच्या, टर्बो नसलेल्या पुष्कळ इंजिनांत जेट नसतात. त्यांना त्याची गरजही नाही. पिस्टन, पंप व भार यांचा मेळ तसा घातलेला असतो. तेव्हा आपल्या इंजिनात जेट नाहीत म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. टर्बो असलेल्या इंजिनांत ते बहुधा असतात. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरना २०२३ पासून धुराची ट्रेम-४ मानके लागू झाली. त्यानंतरच्या मोठ्या ट्रॅक्टरांत टर्बो व कॉमन रेल सर्रास दिसतात, म्हणून हा विषय यापुढे अधिकाधिक शेतकऱ्यांच्या दारात येणार आहे. भाजीपाला बाजारात नेणाऱ्या टर्बो डिझेल पिकअपलाही पुढील सूचना तशाच लागू आहेत.

जेटचे तीन प्रकार आढळतात. पहिला म्हणजे वाकडी नळी असलेला, पोकळ बोल्टने ब्लॉकला आवळलेला. दुसरा मेन बेअरिंगच्या बैठकीत ठोकून किंवा आट्यांनी बसविलेला लहानसा तुकडा; तो बेअरिंगच्या शेलखाली दडलेला असल्याने नवशिक्याला दिसतही नाही. तिसऱ्या प्रकारात वेगळा भाग नसतोच. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या डोक्याला एक बारीक भोक असते व त्यातून तेल उडते.

पुष्कळ जेटमध्ये स्प्रिंग व छर्ऱ्याचा एक झडपवजा पडदा असतो. तेलाचा दाब साधारण दीड ते दोन किलोवर गेला की तो उघडतो. इंजिन मंद चालत असताना सगळे तेल बेअरिंगांना मिळावे आणि जोर लागला की पिस्टनलाही मिळावे, अशी ही सोय आहे.

"जेट बंद केले की प्रेशर वाढते"

हा युक्तिवाद गॅरेजमध्ये फार ऐकू येतो, आणि तो खोटा नाही. जेट बंद केल्यावर काटा खरेच वर चढतो. पण आपल्यापैकी ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांनी आठवून पाहावे. निम्म्या लॅटरल बंद केल्या की हेडवरच्या गेजमध्ये दाब वाढतो. म्हणून पिकाला पाणी जास्त मिळाले, असे आपण म्हणत नाही. ज्या ओळी बंद आहेत त्या वाळतात, आणि गेज मात्र छान दिसते. इंजिनचा काटादेखील गॅलरीतला दाब दाखवितो. पिस्टनच्या पोटावर तेल पडते आहे की नाही, हे त्याला कळत नाही.

इंजिन गरम झाल्यावर मंद गतीला दाब फार उतरत असेल तर त्याचा दोष जेटवर टाकण्याची घाई करू नये. छर्ऱ्याचा जेट असेल तर त्या वेळी तो बंदच असतो. छर्रा कचऱ्याने उघडा अडकला असेल तेवढाच अपवाद. खरे कारण बहुतेक वेळा झिजलेले बेअरिंग, झिजलेला पंप, रिलीफ व्हॉल्व्ह किंवा डिझेल मिसळून पातळ झालेले तेल यांत सापडते. जेट बंद करून काटा वर आणणे म्हणजे झिजलेले बेअरिंग तसेच ठेवून मनाचे समाधान करून घेणे.

याच्या उलट चूकही होते. जेट काढला आणि त्याचे भोक बंदच केले नाही! हे ऐकून आपण हसाल, पण बेअरिंगखाली दडलेल्या जेटच्या बाबतीत असे घडते. हिशेब साधा आहे. दीड मिलिमीटरच्या भोकातून तीन किलो दाबाला मिनिटाला सुमारे दोन लिटर तेल जाते. जेट बसतो ते भोक सहा मिलिमीटरचे असेल तर व्यास चौपट होतो, पण क्षेत्रफळ सोळापट होते. म्हणजे त्या एका भोकातून मिनिटाला तीसएक लिटर तेल जायला वाट मिळाली. लॅटरलचे शेवटचे बूच निघाले की पुढच्या सगळ्या ड्रिपरांचे जे होते, तेच मग बेअरिंगांचे होते. काट्यावर दाब उभाच राहत नाही, आणि मिस्त्री नवा पंप आणा म्हणून सांगतो.

मोटारींच्या शर्यतीचा दाखला

परदेशात हौशी लोक मोटारीचे इंजिन अधिक जोरदार करताना जेट काढतात, असे आपल्यातील एखाद्या तरुणाने वाचले किंवा पाहिले असेल. होंडा कंपनीच्या बी मालिकेतील बी-१६ए व बी-१८सी या पेट्रोल इंजिनांत जेट आहेत. त्याच मालिकेतील बी-२०बी या सौम्य इंजिनात ते नाहीत. वेगळ्या घडणीचे पिस्टन घालताना जेट आड येतो म्हणून काही जण तो काढतात व भोक नीट बंद करतात. त्यांचे इंजिन शर्यतीत काही मिनिटे किंवा काही तास पळते आणि पुन्हा खोलले जाते. आपल्याला एकदा बांधलेले इंजिन काही हजार तास चालवायचे आहे. त्यांचा व्यवहार वेगळा, आपला वेगळा.

इंजिन खोलताना

प्रथम इंजिन नंबर टिपून घ्यावा व त्यावरून सुट्या भागांच्या पुस्तिकेत जेट आहेत का, किती व कोणत्या नंबरचे, हे पाहावे. एकाच मॉडेलच्या टर्बो व बिनटर्बो इंजिनांत या बाबतीत फरक असू शकतो. कारखाना एकच ब्लॉक दोन्हींसाठी वापरीत असेल तर बिनटर्बो इंजिनात जेटच्या जागी मापाची बुचे असतात. ती बुचे कारखान्याची आहेत की मागच्या मिस्त्रीने बोल्ट ठोकला आहे, हे डोळ्यांनी ओळखता येते. जुना ट्रॅक्टर घेतलेल्यांनी हे अवश्य पाहावे. पिकअपचे चेंबर उतरविले की बॅटरीच्या उजेडात खालून जेट दिसू शकतात. पुष्कळ ट्रॅक्टरांत चेंबर हाच सांगाड्याचा भाग असल्याने तेवढ्यासाठी ते उतरविणे परवडत नाही. म्हणून इंजिन एरवी खोलले जाईल तीच संधी साधावी.

ब्लॉक लेथवर देण्यापूर्वी जेट काढून घ्यावेत. ही एक गोष्ट पाळली तरी अर्धे काम झाले. ब्लॉकमध्ये राहिलेल्या जेटात बोअर करतानाचा कीस व घासणीची पूड शिरते, आणि ती धुतल्याने निघतेच असे नाही. काढलेले जेट सिलिंडरचा क्रमांक लिहून एखाद्या डब्यात झाकून ठेवावेत, कारण काही इंजिनांत सगळे जेट सारखे नसतात. ठोकून बसविलेले जेट काढताना खराब होतात; ते नवेच घालावेत.

सफाईसाठी स्वच्छ रॉकेल किंवा डिझेल आणि कंप्रेसरची हवा पुरेशी आहे. फवारणी पंपाच्या नोझलमध्ये आपण तार किंवा टाचणी घालतो, ती सवय येथे नको. भोक थोडे जरी मोठे किंवा तिरपे झाले तरी धार फुटते आणि पिस्टनवर पडण्याऐवजी बाजूला उडते. छर्ऱ्याच्या जेटची परीक्षा सोपी आहे. तोंडाने फुंकल्यास हवा जाऊ नये, कंप्रेसरच्या हवेने जावी. तोंडाने हवा गेली तर छर्रा उघडा अडकलेला आहे. कंप्रेसरनेही गेली नाही तर तो बंद अडकलेला आहे. दोन्ही बाद समजावेत. ज्यात छर्रा नाही त्यातून अर्थातच तोंडानेही हवा जाईल.

वाकलेली नळी सरळ करू नये. डोळ्यांना सरळ दिसली तरी धार कोठे जाते ते सांगता येत नाही, शिवाय ती चिरण्याची भीती असते. नव्या जेटची किंमत पिस्टन-लायनरच्या संचापुढे किरकोळ आहे.

इंजिन बांधताना

जेटचा बोल्ट आतून पोकळ असतो. त्याला पाइप लावून आवळू नये. पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्यानेच आवळावा. त्याच्या जागी साधा भरीव बोल्ट चालत नाही, कारण तेल त्या बोल्टच्या पोटातूनच जेटमध्ये जाते. बाहेरून सगळे ठाकठीक दिसते आणि जेट मात्र कोरडा राहतो.

बेअरिंगखाली जेट असतील तर मेन बेअरिंगच्या शेलला त्यासाठी भोके आहेत की नाहीत, हे जुने व नवे शेल शेजारी ठेवून ताडून पाहावे. रॉडला भोक असलेल्या इंजिनात रॉडच्या शेलची तशीच खात्री करावी. रॉड उलटा बसला तर भोक विरुद्ध बाजूला जाते, म्हणून रॉडवरची खूण पाहूनच तो बसवावा.

सर्वांत नाजूक वेळ पिस्टन वरून सोडण्याची. जेट वाकतात ते बहुतेक याच वेळी. त्या सिलिंडरचा क्रँक खालच्या टोकाला आणावा. रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे दोन तुकडे चढवावेत. जुन्या डिझेल पाइपचे चालतात. एकाने वरून लाकडी दांड्याने पिस्टन हळूहळू दाबावा व दुसऱ्याने खालून हात घालून रॉड जेटपासून दूर धरून क्रँकवर आणावा. एकट्याने हे काम करू नये. आमच्या गॅरेजमध्ये त्या दिवशी मिस्त्री एकटाच होता, आणि आम्ही दोघे भाऊ चहा पीत बसलो होतो.

सर्व पिस्टन बसल्यावर क्रँक हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवावा. पिस्टन खालच्या टोकाला आला की त्याची कड व क्रँकचे वजन जेटपासून मोकळे राहते का, ते प्रत्येक सिलिंडरला पाहावे. पिस्टन नव्या कंपनीचे असतील तर याला विशेष महत्त्व आहे. मूळ पिस्टनच्या कडेला जेटसाठी खाच असते, ती बाजारातल्या पिस्टनला असेलच असे नाही. शंका आल्यास जेटवर मुलांच्या मेणमातीची छोटी गोळी लावून क्रँक फिरवावा. गोळी किती चेपली यावरून मोकळीक कळते. नंतर ती पूर्णपणे काढून टाकावी. पिस्टन जेटला टेकत असेल तर पिस्टन बदलावा, जेट नव्हे.

धारेची दिशा पाहण्यासाठी काही कंपन्या मापाची सळई देतात. ती नसल्यास पिस्टन घालण्यापूर्वी जेटच्या तोंडात सैल बसेल अशी सरळ, मऊ पितळी तार अलगद टेकवावी व तिचा रोख सिलिंडरमध्ये कोठे जातो ते वरून पाहावे. कंपनीने सांगितलेल्या जागेऐवजी तो लायनरच्या भिंतीवर जात असेल तर जेट वाकडा बसला आहे.

आणखी एक लहान गोष्ट. चेंबर बसविताना पेस्ट हात राखून लावावी. दाबून बाहेर आलेली पेस्ट आतल्या बाजूलाही तेवढीच येते, सुटून तेलात पडते आणि पंपाच्या जाळीत किंवा जेटच्या तोंडात जाऊन बसते.

जेट मिळतच नसेल तर?

हा प्रश्न दर वेळी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. माझे मत असे की जेट मिळेपर्यंत थांबावे. पेरणी तोंडावर आली असेल तर तेवढ्या दिवसांसाठी भाड्याचा ट्रॅक्टर लावावा. तो खर्च दुसऱ्यांदा इंजिन बांधण्यापेक्षा कमी असतो. "तात्पुरते बंद करू, हंगाम झाल्यावर बसवू" असे म्हणून बंद केलेले जेट इंजिन पुन्हा खोलल्याशिवाय बसविता येत नाहीत, आणि चालू इंजिन हंगामानंतर कोणी खोलत नाही.

आधीच कोणी जेट बंद केलेले असेल आणि इंजिन आता खोलणे शक्य नसेल, तर मोटारीप्रमाणे वागवावे. रोटाव्हेटर, खोल नांगरट व भरलेल्या दोन ट्रॉल्या त्याला देऊ नयेत. हलकी फणणी, फवारणी, एक ट्रॉली एवढ्यावर भागवावे. ब्रीदरमधून धूर वाढला, ऑइल कमी होऊ लागले किंवा भाराखाली इंजिन अचानक ओढ सोडू लागले तर काम त्याच जागी थांबवावे. "एवढी पाटी संपवून थांबतो" असे म्हणू नये.

पहिल्यांदा सुरू करताना

नवे बांधलेले इंजिन एकदम सुरू करू नये. डिझेल बंद ठेवून स्टार्टर थोडा थोडा, मध्ये विसावा देत फिरवावा व काट्यावर दाब दिसू लागल्यावरच डिझेल सोडावे. गॅलरी भरून तेल जेटपर्यंत पोहोचायला तेवढा वेळ लागतो. टर्बोचे इंजिन बंद करण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवण्याची सवय सर्वांनाच असावी.

पहिले ऑइल व फिल्टर पुस्तिकेत पुढील बदलासाठी जे तास दिले आहेत त्याची वाट न पाहता पन्नास तासांच्या आसपास बदलावे. काढलेला फिल्टर फेकून देऊ नये. करवतीने कापून आतील कागद उन्हात उलगडून पाहावा. थोडी बारीक पूड असणे स्वाभाविक आहे. पांढऱ्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या चकत्या दिसल्या तर एखादा पिस्टन घासतो आहे असे समजून ट्रॅक्टर लगेच मिस्त्रीकडे न्यावा.

येथे टेबलावर तिन्ही प्रकारचे जेट ठेवले आहेत. शेजारी भावाच्या ट्रॅक्टरचा दोन नंबरचा पिस्टन आणि त्याच इंजिनातला तीन नंबरचा पिस्टन आहे. दोन्ही उलटे करून पोटाची बाजू पाहावी व पुढे द्यावेत. तोवर आपल्या इंजिनांविषयी काही विचारावयाचे असेल तर विचारावे.